मेंडेलचा निबंध हरवला नव्हता

आनुवंशिकतेचा पाठ शिकवताना आपण सगळेच एक गोष्ट सांगतो. ब्रून गावातल्या (आजचे चेक प्रजासत्ताकातील बर्नो) एका मठात ग्रेगोर मेंडेल नावाचा धर्मगुरू आठ वर्षे वाटाण्याची रोपे वाढवतो, उंच किती आणि बुटकी किती ते मोजतो आणि त्यातून आनुवंशिकतेचे नियम शोधून काढतो. १८६५ साली तो आपला निबंध गावातल्या निसर्गअभ्यासकांच्या मंडळापुढे वाचतो. १८६६ साली तो छापून येतो. मग चौतीस वर्षे त्याची कोणी फारशी दखल घेत नाही. १९०० साली तीन शास्त्रज्ञांना तो जवळजवळ एकाच वेळी सापडतो. इथवर आलो की वर्गातला एखादा मुलगा हटकून विचारतो, "पण मग इतकी वर्षं तो होता कुठे?"

या प्रश्नाला आमच्याकडे बरीच वर्षे धड उत्तर नव्हते. 'अंधारात पडून होता' असे काहीतरी सांगून आम्ही पुढच्या परिच्छेदाकडे वळत असू. नंतर माहिती काढली तेव्हा आश्चर्य वाटले. तो निबंध मुळी हरवलेलाच नव्हता. ज्या नियतकालिकात तो छापला गेला, ते युरोप-अमेरिकेतल्या शंभराहून अधिक संस्थांकडे जात होते. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या आणि लिनियन सोसायटीच्या ग्रंथालयातही ते होते. शिवाय मेंडेलने निबंधाच्या चाळीस वेगळ्या प्रती काढून घेतल्या होत्या. म्हणजे आनुवंशिकतेचे नियम त्या काळच्या उत्तमोत्तम ग्रंथालयांत, फडताळावर, धूळ झटकली की हाती येतील असे उभे होते. कुलूप नव्हते, बंदी नव्हती. फक्त ज्याला ते हवे होते त्याला ते तिथे आहेत हे कळण्याची सोय नव्हती.

नोंद सुद्धा होती, हे त्याहून नवल. रॉयल सोसायटीने एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रीय निबंधांची एक प्रचंड सूची तयार करायला घेतली होती. १८७९ साली निघालेल्या तिच्या खंडात मेंडेलच्या निबंधाची नोंद आहे. पण ही सूची लेखकांच्या नावांच्या अकारविल्ह्याने लावलेली होती. मेंडेलचा निबंध शोधायचा तर आधी मेंडेल हे नाव माहीत हवे, आणि नेमके तेच कोणाला माहीत नव्हते. आईवडिलांचे गुण मुलांत कसे उतरतात हा प्रश्न घेऊन कोणी या सूचीपाशी आला असता, तर त्याला नावांचा डोंगर दिसला असता, आत शिरायची वाट नाही.

वाट काढून दिली ती ब्रेमेनच्या एका डॉक्टरने. विल्हेल्म फोक हा वैद्यकी सांभाळून वनस्पतींचा अभ्यास करणारा गृहस्थ. वनस्पतींच्या संकरांविषयी आजवर कोणी कोणी काय लिहिले आहे ते गोळा करून, वनस्पतींच्या कुळांप्रमाणे लावून त्याने १८८१ साली एक जाडजूड ग्रंथ काढला. मेंडेलचे महत्त्व त्याला उमगले होते असे नाही. पण त्याने मेंडेलचा निबंध वगळला नाही, योग्य जागी नोंदवला आणि संकरांच्या प्रकारांत काही ठराविक प्रमाणे सापडल्याचे मेंडेल मानतो, अशी एक ओळ लिहून ठेवली. अमेरिकेतल्या बेली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ साली स्वतःची एक संदर्भसूची केली, तेव्हा मूळ निबंध न पाहता त्याने ही नोंद फोकवरून उतरवून घेतली. १९०० सालच्या तिघांपैकी चेरमाक याला मेंडेलचा माग फोकच्या ग्रंथात लागला. द व्हरीस याने आपल्याला तो बेलीच्या सूचीत मिळाला असे बेलीला कळवले. (द व्हरीसबाबत दुसरीही एक हकिकत सांगितली जाते, पण तो वाद इथे नको.)

मेंडेलकडे दुर्लक्ष होण्याची आणखीही कारणे होती. जीवशास्त्रात गणित वापरण्याची सवय तेव्हाच्या शास्त्रज्ञांना नव्हती. पेशीतील गुणसूत्रांचे वर्तनही पुढे कळले. सगळा दोष सूचीवर टाकणे बरोबर होणार नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. निबंधाच्या मथळ्यात 'वनस्पतींचे संकर' असे शब्द होते, 'आनुवंशिकता' हा शब्द नव्हता. जो कोणी त्याची नोंद करील तो संकराखालीच करणार. आनुवंशिकतेचा विचार करणारा माणूस तिथे जाणार कशाला? एकाच निबंधाला दोन दारे हवी होती आणि एकच होते. अशी दारे किती हवीत, कुठे हवीत आणि त्यांवर कोणत्या पाट्या लावायच्या हे ठरवणे हा एका व्यवसायाचा रोजचा उद्योग आहे. तो व्यवसाय म्हणजे ग्रंथपालाचा.

कपाटाची किल्ली

आता आपल्या शाळेकडे येऊ. आमच्या पाहण्यात अशा कितीतरी शाळा आहेत जिथे ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटे. पुस्तके दाखल क्रमांकाने लावलेली असतात. पहिले घेतले ते एक, काल आले ते अकराशे चार. दाखल नोंदवही चोख असते, कारण तपासणीला ती लागते. पुस्तक हरवले तर लगेच कळते. पण मुलाने येऊन "वटवाघूळ उलटं का लटकतं ते कुठल्या पुस्तकात आहे?" असे विचारले, तर दाखल नोंदवही काहीही सांगत नाही. ती मालमत्तेची नोंद आहे, माहितीची नव्हे. रॉयल सोसायटीच्या सूचीची आणि आपल्या नोंदवहीची जात एकच.

जिथे ग्रंथपाल आहे तिथेही पुष्कळदा तो अर्धवेळ असतो. कोणी शिक्षक रजेवर गेले की बदली तासाला पहिली हाक त्यालाच, पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे आले की तेही त्यानेच वाटायचे. 'तुम्हाला काय, नुसती पुस्तकं द्यायची आणि घ्यायची' हे वाक्य त्याने किती वेळा ऐकले असेल कोणास ठाऊक. देवघेव हा ग्रंथालयाचा दिसणारा भाग आहे. न दिसणारा भाग म्हणजे पुस्तक जागेवर जाण्याआधी त्याच्याबद्दल केलेला विचार. तो कसा असतो हे एका उदाहरणाने पाहू.

मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली दशांश वर्गीकरणाची पहिली आवृत्ती काढली. अवघ्या ४४ पानांची पुस्तिका. कल्पना अशी की सर्व ज्ञानाचे दहा वर्ग करायचे, प्रत्येकाचे दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा. ५०० म्हणजे निसर्गविज्ञान. ५९० म्हणजे प्राणी. ५९५ मध्ये संधिपाद वगैरे अपृष्ठवंशी, ५९५.७ म्हणजे कीटक, ५९५.७८९ म्हणजे फुलपाखरे. आकडा जितका लांब तितका विषय सूक्ष्म. दोन आकड्यांच्या मध्ये नवा आकडा कधीही घालता येतो, त्यामुळे नवे पुस्तक आले म्हणून जुनी सगळी हलवावी लागत नाहीत. दशांश अपूर्णांकांचा याहून सुंदर उपयोग पाचवीच्या मुलांना दाखवायला क्वचितच मिळेल. ५९५.७८ आधी की ५९५.७९९, हा प्रश्न फडताळापुढे उभे राहून विचारून पाहा.

पण मग डासांवरचे पुस्तक घ्या. डास हा कीटक, म्हणून ५९५.७७ मध्ये जावे. पुस्तकात डासाच्या शरीररचनेपेक्षा हिवताप या रोगाची माहिती जास्त असेल तर ते ६१६.९३६ मध्ये जाते. गावातला हिवताप कसा आटोक्यात आणावा हे सांगणारे असेल तर ६१४ मध्ये, सार्वजनिक आरोग्याखाली. तीन पुस्तकांच्या मुखपृष्ठावर तोच डास, आणि तीन वेगळी फडताळे. पुस्तक एका वेळी एकाच जागी राहू शकते, ज्ञानाला मात्र अनेक बाजू असतात. हा तिढा कोणत्याही क्रमांकाने पुरता सुटत नाही. म्हणून प्रत्येक पुस्तकासाठी तालिकापत्रे करायची. लेखकाचे एक, शीर्षकाचे एक, आणि विषयाची लागतील तेवढी. पुस्तक एका जागी, पण त्याकडे नेणाऱ्या वाटा चार-पाच. कोणत्या वाटा पाडायच्या हे ठरवायला पुस्तक चाळावे लागते, आणि उद्या कोण काय विचारत येईल याचा आजच अंदाज बांधावा लागतो.

मांडणीत मांडणाऱ्याची दृष्टी उतरते, हेही इथे सांगायला हवे. ड्यूईच्या २०० या धर्माच्या वर्गात बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने व्यापली आणि जगातले बाकीचे धर्म २९० च्या दशकात कोंबले गेले. हिंदू धर्म २९४.५. मराठी साहित्याला ८९१.४६ ही बोळातली खोली मिळाली, तर इंग्रजीला ८२० चा अख्खा वाडा. यात कपट असेलच असे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कॉलेजच्या ग्रंथालयात जी पुस्तके होती, त्यांच्या मापाने तो अंगरखा शिवला होता.

गणिताचा एक प्राध्यापक

हा अंगरखा आपल्याला बसत नाही आणि एकच क्रमांक सगळ्या बाजू सांगत नाही, या दोन्ही अडचणींशी भिडणारा माणूस मद्रासचा होता. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ सालचा. ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते. मद्रास विद्यापीठाला पहिला ग्रंथपाल हवा होता, प्राध्यापकीपेक्षा तिथला पगार बरा होता, म्हणून अर्ज केला आणि १९२४ च्या जानेवारीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत एवढे कंटाळले की कॉलेजात जाऊन 'मला परत घ्या' म्हणून प्राचार्यांना विनवू लागले. विद्यार्थ्यांची सवय झालेल्या माणसाला ती सुनसान खोली सोसेना. आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या, तरीही नको वाटले तर परत या, अशा बोलीवर ते इंग्लंडला गेले.

तिथे त्यांनी अनेक ग्रंथालये पाहिली. काही ठिकाणी मुले, बायका, कामगार असे सगळे येत आणि ग्रंथपाल त्यांना वाट दाखवत असे. हा आपला जुनाच धंदा आहे, फक्त वर्गाच्या भिंती नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. दुसरी गोष्ट लक्षात आली ती लंडनच्या सेल्फ्रिज या मोठ्या दुकानात. तिथे मेकॅनो या खेळण्याचे प्रात्यक्षिक चालले होते. भोके पाडलेल्या धातूच्या त्याच पट्ट्या, तेच नटबोल्ट, आणि विक्रेता त्यांतून एक खेळणे करतो, मोडतो, दुसरेच करतो. रंगनाथनांनी स्वतःच ही आठवण लिहून ठेवली आहे. विषयांचे तयार डबे करून ठेवायचे कशाला? विषय ज्यांपासून बनतात ते सुटे भाग द्यावेत, आणि पुस्तक येईल तसा त्याचा क्रमांक जुळवून घ्यावा.

या विचारातून त्यांची द्विबिंदू वर्गीकरणाची पद्धत तयार झाली आणि १९३३ साली ती प्रसिद्ध झाली. जोडणीचा बोल्ट म्हणून आरंभी विसर्गासारखे द्विबिंदू हे एकच चिन्ह होते, म्हणून हे नाव. कोणत्याही विषयाच्या पाच मूलभूत बाजू त्यांनी मानल्या. तो मुळात कशाबद्दल आहे ती मुख्य वस्तू, द्रव्य किंवा गुण, क्रिया, स्थळ आणि काळ. यांना पैलू म्हणतात. त्यांच्या पद्धतीतला नेहमी दिला जाणारा एक क्रमांक पाहा. रोमन अक्षरे आम्ही नागरीत लिहिली आहेत:

एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४'एन५

पाहताच घाबरायला होते. पण तुकडे सुटे करून वाचा. एल म्हणजे वैद्यक. ४५ म्हणजे फुप्फुसे. ४२१ क्षय. ६ म्हणजे उपचार, २५३ क्ष-किरण. एफ संशोधन. टिंबानंतर ४४ म्हणजे भारत, आणि वरच्या स्वल्पविरामानंतर एन५ म्हणजे १९५० चे दशक. फुप्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार करण्याविषयी १९५० च्या सुमारास भारतात झालेले संशोधन. एका ओळीत अख्खे वाक्य, आणि त्याला व्याकरणही आहे. रासायनिक सूत्र लिहायला शिकवणाऱ्या शिक्षकाला यात ओळखीचे काहीतरी दिसेल. पदार्थ कोट्यवधी, मूलद्रव्ये शंभरावर, जोडणीचे नियम थोडे.

आमच्या मते ही विसाव्या शतकात भारतात झालेली एक अव्वल दर्जाची बौद्धिक निर्मिती आहे आणि विज्ञानाच्या तासाला तिचा उल्लेख व्हायला हरकत नाही. पण ती कपाटावर सोयीची आहे असे म्हणवत नाही. एवढा लांब क्रमांक पुस्तकाच्या कण्यावर मावत नाही, आणि चिन्हांचा क्रम लक्षात ठेवायला ग्रंथपालालाही कष्ट पडतात. जगातल्या बहुतेक ग्रंथालयांनी आणि भारतातल्याही पुष्कळांनी ड्यूईच ठेवला. रंगनाथनांचा विजय दुसरीकडे झाला. संगणकावर साडी किंवा सायकल विकत घेताना डाव्या बाजूला रंग, किंमत, माप, कंपनी अशा याद्या येतात आणि आपण एकेक खूण करत जातो, तेव्हा आपण पैलूंनीच शोध घेत असतो. फडताळावर जे अवघड वाटत होते ते संगणकाला सोपे गेले. वस्तूला एकाच जागी बसवण्याची सक्ती तिथे नाही.

१९३१ साली रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत, असे पहिले सूत्र सांगते. आज ते कोणालाही उघड वाटेल. पण युरोपात एके काळी पुस्तके साखळीने फडताळाला बांधत असत, आणि आपल्याकडे अजूनही 'मुलं पानं फाडतात' म्हणून कपाटे बंद असतात. चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. आम्हाला पाचांत ते सर्वांत कठोर वाटते, कारण ते पाळले की नाही हे मोजून पाहता येते.

पटकी, कॉलरा, महामारी

क्रमांक देऊन काम संपत नाही. शब्दांचा गुंता त्याहून चिवट आहे, मराठीत तर विशेषच. समजा कोणाला महाराष्ट्रातल्या कॉलऱ्याच्या साथींचा इतिहास लिहायचा आहे. जुन्या मराठी मजकुरात 'पटकी' हा शब्द येईल, कुठे नुसतेच 'महामारी' असेल, आणि महामारी म्हटले की दर वेळी तो कॉलराच असेल असेही नाही. क्षय म्हणावे तर कुठे राजयक्ष्मा, कुठे टीबी. देवीच्या रोगावरचे पुस्तक अजाण हाताने लावले तर ते धार्मिक पुस्तकांत जाऊन बसायला वेळ लागणार नाही. नावांचेही तसेच. राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम ही एकाच माणसाची तीन नावे. नाटककार गडकरी, कवी गोविंदाग्रज, विनोदी लेखक बाळकराम. मुखपृष्ठावरचे नाव पाहून नोंद केली तर एका लेखकाचे तीन लेखक होतात.

यावर ग्रंथपालांनी काढलेला उपाय साधा आणि मेहनतीचा आहे. प्रत्येक गोष्टीसाठी एक प्रमाण नाव ठरवायचे आणि बाकीच्या सर्व नावांखाली 'अमुक पहा' असे पत्र ठेवायचे. 'पटकी: कॉलरा पहा.' तीन शब्दांचे हे पत्र लिहायला रोग, भाषा आणि इतिहास या तिन्हींची जाण लागते. यंत्राने शब्द शोधला तर जो शब्द टाकला तोच सापडतो. अलीकडची यंत्रे समानार्थी शब्द ओळखू लागली आहेत हे खरे. पण त्यांना ते ओळखायला शिकवणाऱ्या साहित्यात माणसांनी वर्षानुवर्षे जुळवलेल्या अशा शब्दसूचींचाही वाटा आहे, आणि जुन्या मराठीपुढे ती आजही अडखळतात.

वैद्यकात हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाले. जॉन शॉ बिलिंग्ज या अमेरिकन लष्करी शल्यचिकित्सकाने १८७९ साली वैद्यकीय लेखांची विषयवार सूची सुरू केली. तिचाच वंश पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीपर्यंत पोचला. प्रत्येक लेख तिथे जाणकार माणसे वाचत आणि त्याला प्रमाण विषयनामे देत. २०२२ पासून ही नामे संगणक देतो आणि निवडक लेख माणसे तपासतात.

अशा सूचीतून काय निघू शकते पाहा. शिकागो विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवणारे डॉन स्वॅन्सन यांनी १९८६ साली एक निबंध लिहिला. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत, प्रयोगशाळाही त्यांच्याकडे नव्हती. रेनो नावाचा एक विकार आहे. थंडीत बोटांचा रक्तपुरवठा आकसतो, बोटे पांढरी पडतात, दुखतात. या विकारात रक्ताचा दाटपणा वाढलेला असतो असे काही लेखांत होते. माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो असे दुसऱ्या काही लेखांत होते. पहिला गट दुसऱ्याचा उल्लेख करत नव्हता, दुसरा पहिल्याचा करत नव्हता. स्वॅन्सननी दोन्ही गट शेजारी ठेवले आणि विचारले, मग माशाचे तेल या रुग्णांना उपयोगी पडेल का? १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत या विकाराच्या प्राथमिक प्रकारच्या रुग्णांना फायदा दिसला. स्वॅन्सननी नवीन काहीच मोजले नव्हते. छापलेले होते तेच वाचले, पण दोन फडताळांमध्ये उभे राहून.

विचारलेला प्रश्न आणि हवा असलेला

ग्रंथपालाचे एक कौशल्य मात्र कोणत्याही सूचीत दिसत नाही. एक मुलगी येऊन म्हणते, "पक्ष्यांचं पुस्तक द्या." नुसते देणारा जाडजूड पक्षीकोश पुढे करील. मुलगी चित्रे पाहील आणि परत करील. चांगला ग्रंथपाल विचारतो, "पक्षी कुठं पाहिलास?" मग कळते की घरच्या आरशावर रोज एक चिमणी चोची मारते आणि ती वेडी झाली आहे असे आजी म्हणते. म्हणजे हवे आहे ते प्राण्यांच्या वर्तनावरचे पुस्तक. चिमणी आपल्या प्रतिबिंबाला परका पक्षी समजते आणि आपला परिसर राखते, हे तिथे मिळेल. वाचक आपल्याला काय माहीत नाही ते नेमके सांगू शकत नाही, कारण ते त्याला माहीत नसते. तो जवळपासचे काहीतरी सांगतो. तिथून खऱ्या प्रश्नापर्यंत त्याला न ओशाळवता नेणे याला संदर्भसेवा म्हणतात. शिक्षकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

यासाठी माणसे तयार करावी लागतात हे आपल्याकडे फार आधी ओळखले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. वाचायला शिकलेल्या मुलांनी पुढे वाचायचे काय, हा प्रश्न त्यातून आला. १९१० साली त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. पुस्तकांच्या पेट्या भरून खेडोपाडी पाठवण्याची व्यवस्था झाली. पण नुसती पुस्तके पाठवून महाराज थांबले नाहीत. ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्गही बडोद्यात सुरू झाला. पुढे १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, रंगनाथनांच्या खटपटीने १९४८ साली मद्रासमध्ये झाला, आणि महाराष्ट्राचा १९६७ चा आहे.

शाळेत ग्रंथपाल नसेल तर काय करावे? नेमणूक आपल्या हाती नाही, एक तास मात्र असतो. सहावी-सातवीच्या वर्गात कपाटातली तीसेक पुस्तके आणून टेबलावर ओतावीत आणि मुलांच्या चार गटांना सांगावे, ही लावा. कशी ते सांगू नये. आम्ही हे करून पाहिले तेव्हा एका गटाने उंचीने लावली, एकाने रंगाने. तिसऱ्याने विषयाने लावायला घेतली आणि मधमाश्या पाळण्याच्या पुस्तकावर त्यांचे भांडण झाले. कीटकांत की शेतीत? शेवटी पुस्तक शेतीत ठेवून कीटकांच्या ढिगात एक चिठ्ठी ठेवायची असे ठरले. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू चिठ्ठ्यांना छान चालतात.

पुढच्या तासाला प्रत्येक मुलाने एक पुस्तक घरी नेऊन चाळायचे आणि त्यासाठी निदान तीन चिठ्ठ्या लिहायच्या. आपल्यापेक्षा लहान मूल हे पुस्तक कोणकोणत्या शब्दांखाली शोधील, एवढाच प्रश्न. चिठ्ठ्या अकारविल्ह्याने बुटाच्या खोक्यात लावल्या. मधमाश्यांच्या पुस्तकाला 'मध' आली, 'कीटक' आली, 'जोडधंदा' आली. एका मुलीने चौथी लिहून आणली होती, 'डसणारे प्राणी'. बाकीचे हसले. तिने मुकाट्याने कपाटातून सापांचे आणि विंचवांचे पुस्तक काढले आणि त्यांच्याही चिठ्ठ्या लिहायला बसली.